पाहुण्यांची बाजू

बेसबॉलच्या मैदानावर पाहुणा संघ आणि त्याचे लोक डावीकडे बसतात, हे शिनच्या बाबांना कुणी शिकवायला लागत नाही. माणसाने आमच्या उओझू गावात आयुष्यभर बस चालवली, पांढरे हातमोजे घालून, आणि डावं-उजवं कधी चुकलं नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मशीनवर ते तिकिटं काढत होते तेव्हा मी नुसतं म्हटलं, "अहो, एकदा नीट वाचा की." तर मान न वळवता म्हणाले, "हात्सुए, तू केस काप. बेसबॉल मला शिकवू नकोस."

मी गप्प बसले. सहसा बसत नाही. माझं सलून आहे, आणि ड्रायरच्या आवाजावर बोलून बोलून माझा घसा असा झालाय की प्रेमाने हाक मारली तरी भांडण उकरून काढल्यासारखी वाटते. गल्लीतल्या पोरी म्हणतात, हात्सुएकाकू 'या, या' म्हणाल्या की आल्या पावली पळून जावंसं वाटतं. पण त्या दिवशी वाद घालायचं त्राण नव्हतं. माझा सगळा जीव त्या रविवारात अडकला होता.

शिन आमचा एकुलता एक. हामाया शिन्गो, क्रेन्स संघ, पाठीवर एकसष्ट नंबर. तुम्ही नाव ऐकलं नसेल, लाजू नका, कुणीच ऐकलेलं नाही. एवढा मोठा नंबर ज्याच्या पाठीवर असतो त्याच्यावाचून संघाचं काही अडत नाही. इतकी वर्षं पोरगा दुसऱ्या फळीतच खेळला. वरच्या संघात कुणाचं मनगट दुखलं की त्याला बोलवायचे, मनगट बरं झालं की परत खाली. पहिल्याच वर्षी त्याने आम्हाला बजावलं होतं, "नेहमीच्या नऊ जणांत माझं नाव लागेल तेव्हा बघायला या. तोवर येऊ नका." आम्ही गेलो नाही. नाव काही लागलं नाही.

सप्टेंबरात एकदा भर दुपारी त्याचा फोन आला. कामाच्या वेळी तो कधी फोन करत नाही. मी किनोशिताबाईंच्या डोक्याला रंग लावत होते. "काय रे, काय झालं?" विचारलं तर म्हणाला, "काही नाही." मग म्हणाला, "आई, मी नसलो तरी कुणाच्या लक्षात येणार नाही."

"कुठे नसलास तरी?"

"कुठेही."

लोकांच्या मागे उभं राहून आरशात त्यांची तोंडं बघण्यात माझा जन्म गेलाय. माणूस कधी चेष्टेत बोलतो आणि कधी नाही, एवढं मला कळतं. किनोशिताबाईंना अर्ध्या रंगलेल्या डोक्यासकट तिथेच सोडून मी मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि त्याला बोलतं ठेवलं. जेवणाचं विचारलं, खांद्याचं विचारलं, काय वाट्टेल ते विचारलं. हंगाम संपला की गाशा गुंडाळायला सांगणार, हे त्याला कळून चुकलं होतं. शेवटी फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पुढच्या रविवारी मला वर घेतलंय. बेअर्सच्या मैदानावर आहे. यायचं तर या. पाहुण्यांच्या बाजूला बसा. बॅट घेऊन बाहेर आलो की मी तिकडे बघीन."

लहानपणीसुद्धा कधी काही मागितलं नाही या पोराने. बूट फाटले तरी सांगायचा नाही, मलाच दिसायचे.

"येतो," मी म्हटलं. "अगदी पुढच्या रांगेत बसतो. बघशील तेव्हा दिसू."

बास. आम्ही दोघं त्याला दिसायला हवे होतो, दुसरं काही नको होतं. जिंको, हरो, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्याच्या नंबरचा शर्ट दुकानात मिळत नाही. घेणार कोण? मी क्रेन्सच्या रंगाचे दोन साधे हिरवे शर्ट आणले आणि पाठीवर पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून शिवली, हामाया, खाली एकसष्ट, लांबून वाचता येतील एवढी थोरली. बाबांच्या शर्टावरचा सहा जरा वाकडा आला. ते म्हणाले, "चालेल." आरशासमोर जाऊन पाठ वळवून वळवून बघत होते.

रविवारी पहाटेच निघालो. गाड्या बदलत बदलत त्या डोंगराकडच्या छोट्या लाइनवर आलो तेव्हा डब्यात सगळे निळेच निळे, बेअर्सवाले. आम्ही दोघं हिरवे. कुणी काही बोललं नाही, उलट एका म्हाताऱ्याने बाबांना जागा दिली. बाबा खुशीत होते. मिनेओकाला, म्हणजे बेअर्सच्या मैदानाच्या स्टेशनवर, उतरलो की फाटकातून आत, मग डावीकडच्या जिन्याने वर, असं मला दोनदा सांगून झालं होतं. माझ्या पिशवीत बांबूच्या पानात बांधलेला आमच्या गावचा मासे-भात होता आणि एक मोठा हिरवा टॉवेल. टॉवेल हलवायचा असं मी ठरवलं होतं.

जिना चढून वर आलो आणि माझे पायच थबकले. वरपासून खालपर्यंत सगळं निळं. ढोल निळे, झेंडे निळे, पोरांच्या गालांवर निळे पंजे. समोर, मैदानाच्या पार पलीकडे, उजव्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा एक छोटा तुकडा दिसत होता.

"अहो," मी म्हटलं, "आपले लोक तिकडे आहेत."

बाबांनी तिकीट काढलं, खांबावरचा आकडा बघितला, परत तिकीट बघितलं. "नाही नाही. पाहुणे डावीकडे. सगळीकडे डावीकडेच असतात."

आमच्या जागेच्या शेजारी एक दाढीवाला गडी बसला होता, निळा अंगरखा, कपाळाला पट्टी. तो उठून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "काका, या मैदानावर उलटं आहे. आमचा संघ पहिल्यापासून या बाजूला बसतो. बाहेरगावच्यांची फसगत होते कधीकधी."

"असं कुठे असतं का?" बाबा म्हणाले.

"इथे असतं," तो म्हणाला. त्यालाच बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई जिना उतरून आली. कमरेत वाकली. या बाजूला पाहुण्या संघाचे कपडे चालत नाहीत, पाहुण्या संघासाठी ओरडणंही चालत नाही, फार फार क्षमा असावी, शर्ट उतरवावेत ही विनंती. आवाज इतका गोड की तिच्याशी भांडायला कुठून सुरुवात करावी तेच सुचेना.

मी तरी केली. म्हटलं, "बाई, आम्हाला पलीकडे जाऊ द्या. जागा नको, जिन्यात उभे राहू."

"त्या बाजूची सगळी तिकिटं संपली आहेत. तिकिटाशिवाय आत सोडता येत नाही. फार क्षमा असावी."

"अहो, माझा मुलगा खेळतोय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग शर्टावरच्या अक्षरांकडे. एकसष्ट नंबर तिला ठाऊक नव्हता, ते तोंडावर स्पष्ट दिसलं. मी शिवलेली अक्षरं बघून तिला माझी कीव आली असावी. "फार क्षमा असावी," ती पुन्हा वाकली.

"तुमच्या क्षमेचं मी लोणचं घालू का?" मी म्हटलं. आजूबाजूची चार डोकी वळली.

आणि बाबा वाकले. तिच्यापेक्षा खाली वाकले. "चूक आमची आहे. सर्वांना त्रास झाला," म्हणाले, आणि शर्ट काढून घडी घालायला लागले. आयुष्यभर थांबा सोडून कुणाला बसमध्ये चढू दिलं नाही या माणसाने, एकदा तर स्वतःच्या बहिणीलाही नाही. त्यांच्याकडून मी दुसरी काय अपेक्षा करणार होते? मीही शर्ट काढला. पिशवीत कोंबला.

शिनला कळवायचीही सोय नव्हती. सामना सुरू झाला की खेळाडूंचे फोन कपाटात बंद असतात.

मग आम्ही निळ्या गर्दीत दोन परके बसून राहिलो. बेअर्सची फलंदाजी आली की सगळा स्टँड उभा राहायचा, ढोल-तुताऱ्या, उड्या, आणि मधे आम्ही दोघं बसलेले, लोकांच्या पाठींकडे बघत. क्रेन्सची फलंदाजी आली की आमच्या बाजूला चिडीचूप. तशी रीतच आहे, ज्यांची बॅट त्यांचंच गाणं, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. निळे लोक खाली बसून नूडल्स खायचे, आणि पलीकडून तो हिरवा तुकडा जीव तोडून गायचा. प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं. शिनचं नाही. ज्याला स्वतःचं गाणं नाही त्याच्यासाठी एकच सामायिक चाल असते, नाव बदलून सगळ्यांना पुरते.

क्रेन्सने एकामागून एक सगळ्या डावांत भोपळा काढला. बेअर्सच्या धावा मोजायचं मी सोडून दिलं. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते आणि मधूनच पुटपुटायचे, "असं कुठे असतं का." मासे-भात तसाच राहिला. दाढीवाल्याने मधे आम्हाला उकडलेल्या शेंगा दिल्या, "घ्या काकू," म्हणाला. वाईट माणूस नव्हता. मला त्याच्या शेंगा त्याच्याच तोंडावर फेकाव्यात असं वाटत होतं.

आठवा डाव संपला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "बहुतेक आज त्याला बोलवत नाहीत."

"नकोच बोलवू दे," मी म्हणाले. अकरा वर्षं देवासमोर टाळ्या वाजवून मी उलटं मागत आले होते.

नवव्या, शेवटच्या डावात दोन बाद झाले, तिसरा गेला की खेळ खलास, आणि लाउडस्पीकरवर नाव आलं. बदली फलंदाज, हामाया शिन्गो. निळे लोक निघायच्या तयारीत होते, पिशव्या आवरत होते. कुणीतरी मागे म्हणालं, "कोण रे हा?"

तो बाहेर आला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण चाल माझीच आहे त्याची, उजवा खांदा जरा खाली. फलंदाजाच्या चौकटीत जायच्या आधी थांबला. बॅट खाली टेकवली आणि वळून हिरव्या तुकड्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पंच त्याला काहीतरी म्हणाला तेव्हा आत गेला. पलीकडून ती सामायिक चाल सुरू झाली, त्याचं नाव घालून.

पहिला चेंडू सरळ मधून गेला. त्याने बॅट हलवलीसुद्धा नाही. परत चौकटीबाहेर आला, परत तिकडे बघितलं, आणि या खेपेला मान डावीकडून उजवीकडे फिरवत, रांगेरांगेने. तो आम्हाला शोधत होता. पहिल्या रांगेत बसतो म्हणाले होते मी.

मी उठले. बाबांनी बाही धरली. "हात्सुए, खाली बस. नियम आहे."

"नियम घाला चुलीत," मी म्हटलं आणि बाही सोडवून घेतली.

तोंडात 'शिनबो' आलं होतं, घरचं नाव. पण या सगळ्या बाप्यांच्या गर्दीत कुणाची तरी आई ओरडतेय हे कळलं तर पोराची छी-थू होईल, हसतील त्याला. म्हणून लोक ओरडतात तसं ओरडले, पूर्ण नाव घेऊन. "हामाया! हामाया शिन्गो!"

पलीकडचे ढोल नेमके त्याच घटकेला थांबले होते आणि आमचा स्टँड गप्प होता. छताखाली माझा आवाज असा घुमला की मलाच धडकी भरली. शिनने ऐकलं. वळला, सरळ आमच्याकडे बघितलं. मी हात वर केला. दिसले, मला वाटलं. दिसले त्याला.

मागच्या रांगेत बिअर पिऊन तर्र झालेली चार-पाच टाळकी होती. त्यांना वाटलं बाई खोडी काढतेय. त्यांनी ताल धरला. "हामाया! हामाया!" टाळ्या. दुसऱ्या रांगेने उचललं, तिसऱ्या रांगेने उचललं, निघायला उठलेले लोक हसत थांबले. "हामाया, घरी जा! आई वाट बघतेय!" सगळ्या निळ्या बाजूला खसखस पिकली. दाढीवाला मागे वळून ओरडला, "ए, गप्प बसा रे, शोभतं का हे?" पण त्याचं कोण ऐकतो. मी जिवाच्या आकांताने हात हलवत होते. आता तिथे सगळेच हात हलवत होते.

शिनने मान खाली घातली. निळ्या बाजूने एक निळी बाई त्याच्या नावाने बोंब मारतेय, एवढंच त्याला दिसलं असणार. मी तर निळीही नव्हते, माझ्या अंगात आतला राखाडी टी-शर्ट होता, पण तेवढ्यावरून काय कळणार.

दुसरा चेंडू तो बघत राहिला. तिसऱ्याला बॅट फिरवली, चेंडू केव्हाच जाऊन पोचला होता. तीन हुकले की बाद. सामना संपला. निळ्या बाजूने निळ्या कागदांचा पाऊस पडला, माझ्या केसांवरही पडला.

क्रेन्सचा हंगामातला बाहेरगावचा तो शेवटचा सामना. म्हणून सगळे खेळाडू हिरव्या तुकड्यासमोर जाऊन ओळीने उभे राहिले आणि वाकले. बाकीच्यांनी माना वर केल्या, शिन वाकलेलाच. मग त्याने मान वर केली, पहिली रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली आणि सगळ्यांच्या मागून आत निघून गेला.

मिनेओकाच्या फलाटावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. उन्हं कलली होती. बाबांनी दोन्ही हिरवे शर्ट पिशवीतून काढून नीट घड्या घातल्या आणि मांडीवर घेऊन बसले. "चूक माझी," म्हणाले. "मशीनवर लिहिलेलं असणार. मी वाचलंच नाही." मी एरवी सोडलं नसतं. माझा गळा बसला होता. मी एकच ठरवत होते, शिनचा फोन आला की आधी सांगायचं, अरे वेड्या, मीच ती.

फोन आला.

"आई," तो म्हणाला, "बरं झालं आला नाहीत."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. "का रे?"

"मी शोधलं तुम्हाला. आधी वाईट वाटलं. नंतर मात्र..." मागे बसच्या इंजिनाचा आवाज येत होता. "त्यांच्या बाजूने एका बाईने माझ्या नावाने ओरडायला सुरुवात केली. मग सगळेच. घरी जा, आई वाट बघतेय, असं म्हणत होते. हसत होते. त्या बाईच्या आवाजात काय राग होता गं. मी तिचं काय केलं होतं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना आवाज ऐकू येत होता. त्यांनी हात पुढे केला, "मला दे, मी सांगतो त्याला." मी पाठ वळवली.

"तुम्ही तिथे बसून ते ऐकलं असतंत ना," शिन म्हणाला, "तर मी तुम्हाला पुन्हा तोंड दाखवू शकलो नसतो. आज दिवसभरात एवढी एकच गोष्ट चांगली झाली. तुम्ही नव्हतात."

फलाटावरचा भोंगा खरखरला. आता गाडीची घोषणा होणार, मिनेओका हे नाव येणार. मी बाबांच्या मांडीवरचा शर्ट ओढून घेतला आणि फोनभोवती गुंडाळला, घट्ट. मी शिवलेली अक्षरं माझ्या गालाला टोचत होती. सांगावं का? मीच ती, असं सांगितलं तर त्याच्याजवळ उरलेली ती एक गोष्टही मीच काढून घेणार. घोषणा संपेपर्यंत मी श्वास धरून उभी होते.

"आई? ऐकतेस ना? कुठे आहात तुम्ही?"

"घरीच," मी म्हटलं. "कुठे असणार? बाबांचा गुडघा धरला सकाळी, म्हणून राहिलं. जेवलास का?"

"आवाज का असा येतोय तुझा?"

"सर्दी झालीय."

"काळजी घे," तो म्हणाला. गाडी फलाटाला लागत होती. बाबा उठले नाहीत, नुसते हातांकडे बघत बसले होते. "ठेवतो आई. माझ्याकडचं कुणी नव्हतं तिथे, तेच बरं झालं."

"हो रे," मी म्हटलं. "कुणी नव्हतं."